कारिजिनीचं बोलावणं

१५ फेब्रुवारी, रवि.
पर्थहून ज्योचा व्हॉइस मेसेज. सात मिनिटांचा! "नंदे, जुलैत ये. तीन आठवडे. सिडनी-बिडनी नाही, तिथे सगळे जातात." मग नावं. माउंट ऑगस्टस, उलुरूपेक्षा मोठा डोंगर, पण तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. केनेडी रेंज. आणि कारिजिनी. लाल खडकात खोल घळी, खाली उतरलं की अंग आखडेल इतकं थंड पाणी.
चौदा वर्षं झाली तिला तिकडे जाऊन. मेसेज तीनदा ऐकला. भात करपला. सुरेश म्हणाला, "जा की." जसं काही बोर्डीलाच जायचंय. नवरा असा असला की कारणं स्वतःलाच शोधावी लागतात.

१८ फेब्रु.
डहाणू-तलासरी बसमध्ये मोबाइलवर नकाशा. पर्थपासून कारिजिनी चौदाशे किलोमीटरच्या वर. मध्ये नुसतं पिवळं.
आमचं कसं होतं, चिंचणीत ज्योच्या बाबांची बोट आणि आमची शेजारी शेजारी. सगळ्या पोरी समुद्राकडे तोंड करून बसायच्या, आम्ही दोघी पाठ करून. कॉलेजात असताना दर डिसेंबरला महालक्ष्मीचा डोंगर चढायचो. वर बसून ठरवायचो, पुढचा कुठला. पुढचा कधी

स्टॉप आला.

४ मार्च
रजेचा अर्ज दिला. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, जुलैत? ऑस्ट्रेलिया?" मग, "बघू." या बघूचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.
व्हिसाचे कागद मात्र गोळा करायला घेतले.

२२ मार्च, रवि.
ज्योवर चिडले. चिंचणीला गेले होते, तिच्या आत्याच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो पाठवला. मुद्दाम, तिच्यासाठी. तर विचारते, "काय आहे त्यात?" आत्याचं अंगण ओळखता येत नाही? म्हटलं, तू आता तिकडचीच झालीस. वर टाइप करायचाही आळस, सदा आपलं बोलून पाठवायचं.
हसली नुसती. नेहमीसारखी नाही.

२९ मार्च, रवि.
दुपारी इराचा फोन. ज्योची मुलगी, एकोणीस वर्षांची. मोडकं मराठी. "मावशी, आई तुला सांगणार नाही. तिला बाजूचं दिसत नाही. खूप दिवस. आता मधलं पण कमी होतंय."
औषध नाही म्हणे. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत. गाडी चालवणं मागच्या वर्षीच बंद झालंय.
आणि मी बोंबलांवरून बोलले.
जेवले नाही. सुरेशने ताट झाकून ठेवलं.

३० मार्च
ऑफिसला दांडी. ज्योला फोन. आधी भांडणच. "इरानं सांगितलं ना? दया करायला नाही बोलावलं तुला." मी म्हटलं, मग कशाला बोलावलंस? मग म्हणाली:
"इथे सगळे चांगले आहेत गं. हात धरतात, समोर काय आहे ते सांगतात. रेड म्हणतात. कसलं रेड? इंग्रजीत सांगितलेलं मला दिसतच नाही. तू सांगितलंस तर दिसेल. थोडं डोळ्याने, थोडं तुझ्याकडून. अजून थोडं उरलंय तोवर ये."
दोघी रडलो. इतक्या लांबून रडणं वाईट. नाक पुसल्याचंसुद्धा ऐकू येतं.

१९ एप्रिल, रवि.
महालक्ष्मीची जत्रा संपली, डोंगर रिकामा. एकटीच चढले. चार ठिकाणी बसले, गुडघे. वरून तिला फोन लावला. म्हटलं, सराव करू.
"झाडं हिरवी आहेत," मी सुरुवात केली.
"नुसतं हिरवं म्हणू नको. कुठलं हिरवं?"
मग नीट बघावं लागलं. कोशिंबाला पालवी आलीय, पानं नव्या तांब्याच्या भांड्यासारखी. पळसाची फुलं गळून खाली वाळलीत, विझलेल्या निखाऱ्यांसारखी. साग उघडाबोडका. खाली वाट दिसते, तिच्यावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई, मागे कुत्रं.
"समुद्र?"
धुरकट होतं. दिसत नव्हता. दिसतो म्हणावंसं फार वाटलं. नाही म्हटलं.
"बरं केलंस," ती म्हणाली. "पुढे?"
पाऊण तास बोलत होते. मी हा डोंगर इतक्या वेळा चढले आणि असा कधी बघितला नव्हता.

२ मे
व्हिसा आला! सुरेशने पेढे आणले. शेजारी वाटायला गेला तर त्यांना वाटलं, माझी बढती झाली.
साहेब म्हणाले, जुलै अशक्य. ऑगस्टमध्ये दोन आठवडे, तेही वरून मंजुरी आली तर. अर्ज पालघरला गेलाय.
इरा सांगत होती, या आठवड्यात ज्योनं चहा ओतताना कप भरून बशी, बशी भरून टेबल. आणि मग म्हणे स्वतःच हसत बसली.

१० मे, रवि.
पालघरहून काही नाही. सुरेश म्हणतो, "बिनपगारी टाक. नाही दिली तर तशीच जा, बघून घेऊ." माझी तेवीस वर्षांची नोकरी आहे. त्याला तसं म्हणता येतं. मला रोज त्या टेबलाशी बसायचंय. पण परवापासून कपाटातली बॅग खाली काढून ठेवलीय, वर ठेवायला हात होत नाही.
ज्यो आज म्हणाली, "नाही जमलं तर इराला मराठी शिकव. फोनवर. ती नेईल मला आणि सांगेल." शांतपणे, जसं काही भाजीचं ठरवतोय.
मला राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे तिचं. वाट बघायला तिच्याकडे वेळ कुठाय.
दुपारी इराचा फोन. वही घेऊन बसली होती. "मावशी, घळ म्हणजे? आणि दरी? सेम?"
सेम नाही गं, म्हटलं. दरीत गाव मावतं. घळीत एकामागून एक चालावं लागतं, दोन्हीकडचा खडक हाताला लागतो. तिनं लिहून घेतलं. कपारी, डोह, निवळशंख. निवळशंखला चारदा अडली.
"अजून किती शब्द आहेत?"
पुष्कळ, म्हटलं. बाकीचे मी तिथे येऊन सांगते.
बोलून गेले. तिनं लगेच आईला हाक मारली, "आई, मावशी येतेय!" मी थांब म्हणेपर्यंत ज्यो फोनवर, "कधी?" ऑगस्टमध्ये, म्हटलं, रजा मिळो न मिळो.