तुमच्या पानातली माझी भाकरी

प्रिय अक्का,

आज दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तुमच्या भावाने गाडी सुरू करायच्या आधी आभाळाकडे बघून हात जोडले. "अक्का, तुझीच कृपा," असं म्हणाले. मी शेजारीच उभी होते, एका हातात रिपोर्टचं पाकीट आणि दुसऱ्या हातात अंबाडीची जुडी. मला काय म्हणाले माहीत आहे? "पदर नीट घे, चाकात जाईल."

म्हणून लिहायला बसले. पिंप्राळ्यात ज्या बाईला सांगेन ती हसेल. मेलेल्या नणंदेवर कोणी जळतं का, म्हणेल. जळतं! मी जळते!

तुम्ही जिवंत असताना तर जळतच होते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही पहूरला सासरी होतात, तरी आमच्या घरात काय शिजायचं ते तुम्हीच ठरवायचात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरपणाला यायचात. दाराबाहेर रिक्षा थांबली की तुमच्या भावाचं तोंड असं खुलायचं की मला दारामागे जाऊन उभं राहावंसं वाटायचं. तुमच्या पिशवीत साडी नाही, दागिना नाही. त्यात काळे उडीद, दादर ज्वारी, मठ, चवळी, शेवग्याच्या शेंगा. पिशवी रिकामी व्हायच्या आत तुम्ही माझी तेलाची बरणी उजेडात धरून बघायचात.

"मंदा, हाई इतलं तेल कोठे जास व? आबाना पाय इसरनी का तू?"

आबांचा पाय मी कशी विसरेन? सासऱ्यांची साखर वाढत गेली, पायाची जखम भरली नाही आणि शेवटी पाय काढावा लागला. ड्रेसिंग तुम्ही केलंत, हे खरं. पण भांडं मी धरलं होतं ना! ते कोणाच्या आठवणीत आहे?

मग पहूरचे भाऊजी गेले, आणि तुम्ही वर्षातले निम्मे महिने आमच्याकडेच राहायला लागलात. तेवढ्यात डॉक्टरांनी तुमच्या भावाला सांगितलं, साखर काठावर आहे, घरात आजार आहे, सांभाळा. झालं! स्वयंपाकघर तुमचं झालं. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद दळलेली, ती सकाळ-संध्याकाळ. मोड आलेले मठ, घोटलेली अंबाडी. वांगी भाजून भरीत, पण वर तेलाचा तवंग नाही. माझी शेवभाजी, जिच्यासाठी धुळ्याहून माझे भाऊ रविवारी यायचे, ती सणापुरती उरली. आणि कहर म्हणजे तुमचे भाऊ हे सगळं बोटं चाटून खायचे. हेच मी आधी वर्षभर सांगत होते तेव्हा म्हणायचे, "मी काय ढोर आहे का, पाला खायला?"

तुम्ही वाढलं की पाला गोड. आता सांगा, मी जळू नको तर काय करू?

आणि ती भाकरी! अक्का, ती आपली गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. शेवटच्या दोन वर्षांत तुमची मनगटं सुजायची, पीठ मळवत नव्हतं. तुम्ही ओट्याजवळ स्टूल घेऊन बसायचात आणि मी थापायची. पहिल्या दिवशी माझ्या भाकरीचे तीन तुकडे झाले. तुम्ही हसला नाहीत, फक्त म्हणालात, "पानी ऊन लेय, आनी इतली घाई करू नको." भाकरी टम्म फुगायला लागली तशी तुम्ही ती तव्यावरून उचलून स्वतः बाहेर नेऊन वाढायला लागलात. बाहेरून आवाज यायचा, "वा अक्का! तुझ्या हाताची गोष्टच वेगळी!"

मी उलथणं आपटलं होतं तेव्हा. तुम्ही आत येऊन माझ्या कानाशी म्हणालात, "त्याले सांगू नको व. तुन्ही भाकर शे आसं कळनं तं हात बी लावाव नही. खाऊ दे त्याले."

मी पुढची भाकरी थापायला घेतली. नवरा धडधाकट राहणं महत्त्वाचं की माझं नाव? पण तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं ना त्यांना? एकदा तरी!

म्हणाला नाहीत, आणि माघात निघून गेलात. तेही कसं? एक दिवस अंथरुणाला न खिळता, उभ्या आयुष्यात साखरेची की बीपीची एक गोळी न घेता. मी तुमच्याहून इतकी लहान, आणि माझी बीपीची गोळी चालू आहे. यातही तुमचाच पहिला नंबर!

खरं सांगू? तेरावा झाला तेव्हा मनात आलं होतं, आता तरी हे घर माझं. दुसऱ्या दिवशी मी कळण्याची भाकरी केली. तेच पीठ, तोच तवा, तेच हात. तुमच्या भावाने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "राहू दे मंदा. अक्काची चव तुला नाही यायची."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, दोन वर्षं काय खात होतात? पण त्यांचे डोळे भरलेले होते. त्या माणसाजवळ तुमचं तेवढंच उरलं होतं, ते मी कसं काढून घेऊ?

मग सुरू झालं बाहेरचं. ऑफिसातून येताना कचोरी, रविवारी जिलेबी, घरी मैद्याचे पाव. मी बोलले की म्हणायचे, "तू अक्का आहेस का?" चैत्रात रिपोर्ट आला, साखर काठ ओलांडून पुढे गेलेली. डॉक्टर म्हणाले, खाण्यापिण्याचं बघा आणि रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, नाहीतर औषध सुरू करावं लागेल. घरी येताना मला सारखा आबांचा पाय दिसत होता.

तेवढ्यात आखाजी आली. तुमच्याशिवायची पहिली. पितरांसाठी निखाऱ्यावर घास टाकायचा, आगारी द्यायची, तर मी आबांच्या पुरणपोळीशेजारी तुमच्या नावाची कळण्याची भाकरी ठेवली. पिंपळनेरहून आपले नाना काका आले होते. ते लगेच म्हणाले, "सूनबाई, सासरवाशीननी आगारी मायेरले नही व्हस. तिना पोऱ्या पहूरले टाकी ना."

ते बरोबरच बोलत होते. तुमचा घास टाकायचा मान तुमच्या मुलाचा. पण मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "नाना, आमच्या माहेरी धुळ्याला रिवाज आहे. बहीण गेली की वर्षभर भावाच्या घरी तिचं पान रोज वाढायचं. आणि ते भावानेच जेवायचं. दुसऱ्याने उष्टावलं तर तिला पोचत नाही."

असा रिवाज धुळ्यात नाही, जळगावात नाही, कुठेच नाही! माझी आई असती तर तिथेच चिमटा काढला असता. नानांनी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्या भावाच्या वाढलेल्या पोटाकडे बघितलं, आणि म्हणाले, "आसं व्हई तं मंग करनं पडी."

अक्का, त्या दिवसापासून रोज तुमचं पान वाढते मी. तुमचा पाट, तुमचा पितळी पेला. पानात भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, काकडी, वर मूठभर शेंगदाणे. तुमचे भाऊ हात जोडून बसतात. पहिल्या दिवशी घास तोंडात घातला आणि रडायलाच लागले. "मंदा, अक्कानीच भाकर शे ही! तीच चव!"

मी पाणी आणायला आत गेले. तुमच्या स्टुलाला एक लाथ मारली. मग त्यावरच बसून रडले. माझ्या भाकरीचं नाव तुम्हाला गेलं म्हणून रडले, आणि कानाशी येऊन "खाऊ दे त्याले" म्हणणारं कोणी नव्हतं म्हणूनही. तुमची आठवण येते हो. लिहितानासुद्धा राग येतो, पण येते.

तर आज तपासणी झाली. साखर पुन्हा काठाच्या अलीकडे आली आहे. डॉक्टर म्हणाले, तूर्त गोळी नको, असंच चालू ठेवा, घरात जेवण कोण बघतं? तुमचे भाऊ छाती फुगवून म्हणाले, "माझी बहीण."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. काय करणार?

आता माघात वर्षश्राद्ध येईल. माझा खोटा रिवाज तेव्हा संपतो. मी शब्द देते अक्का, तोवर दुसरा एखादा रिवाज शोधून ठेवेन. तुमचं पान पाच वर्षं, दहा वर्षं, लागतील तितकी वर्षं मांडेन. माझंही पान आता त्याच भाकरीचं असेल, तुमच्याइतकं जगून दाखवायचंय मला. आणि ती भाकरी कोणाच्या हातची, हे त्यांना माझ्या तोंडून कधी कळणार नाही.

पण आपण वर भेटलो की आबांना साक्षीला समोर बसवायचं आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमच्यावर अजून जळणारी,
तुमची भावजय
मंदा