अकरा अळ्या आणि एक हेडमास्तरकी

शुक्रवार, ३ ऑगस्ट १९३४

सर्क्युलर आलं. २८ तारखेला डेप्युटीसाहेब इन्स्पेक्शनला येणार. बालवर्गाचा पाठ ठरवून दिलाय: अळी आणि फुलपाखरू. तोही म्हणे 'प्रत्यक्ष कृतीतून'. म्हणजे पोरांनी हात लावून शिकायचं. खुर्चीत बसून असलंच सुचतं. माझ्या वर्गात साठ पोरं, त्यातल्या चाळिसांची नाकं बारा महिने वाहतात. ते हात कुठे कुठे फिरून आलेले असतात, साहेबाला काय कप्पाळ ठाऊक!

पण हेडमास्तर दसऱ्याला पेन्शनीत निघताहेत. त्या खुर्चीला उमेदवार दोन. एक मी, अकरा वर्षं बालवर्ग सांभाळणारा. दुसरा पहिलीचा महादेवप्पा मास्तर. कालचं पोरगं, वर्गात पोरांबरोबर जमिनीवर मांडी ठोकून बसतं. म्हणजे उमेदवार एकच.

संकल्प: असा पाठ द्यायचा की साहेबानं पाहतच राहावं.

बुधवार, ८ ऑगस्ट

शाळेमागच्या रुईवर अळ्या सापडल्या. तेरा. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, एकूण प्रकार ओंगळ. पोरं हातानं उचलायला धावली, ओरडून थांबवली. मग डब्यात कोण घालणार? चिमटा घरी राहिलेला. शेवटी नागव्वानं घातल्या. नागव्वा म्हणजे मारुतीच्या गुरवाची मुलगी. सहा वर्षांची, पण जीभ साठ वर्षांची. शिक्षकानं स्वतः हात न लावता नुसती देखरेख करावी, हीच खरी मेथड.

गुरुवार, ९ ऑगस्ट

इंग्रजी पुस्तकात स्पष्ट छापलंय, अळ्या कोबी खातात. कोबी मिळवताना नाकी नऊ आले. अळ्यांनी तोंडसुद्धा लावलं नाही. नागव्वा म्हणाली, मास्तर, ह्या रुईच खात्यात की, दुसरं कायबी न्हाय. मी विचारलं, पुस्तक तू वाचलंस की मी? जागेवर जाऊन बसली. बसणारच.

शुक्रवार, १० ऑगस्ट

दोन अळ्या मेल्या. हट्टीपणाचं फळ. विलायतेतली अळी असती तर मुकाट्यानं कोबी खाल्ला असता.

उरलेला कोबी घरी आणला. पद्मजानं भाजी केली आणि वाढताना विचारलं, किड्यांनी टाकलेलं आता आपण खायचं का. बायकोला सायन्स सांगण्यात अर्थ नाही. भाजी दोनदा घेतली.

शनिवार, ११ ऑगस्ट

नवी योजना: ओपन एअर मेथड. उरलेल्या अकरा अळ्या परत रुईवर सोडल्या (नागव्वाच्या हातून). झाडाभोवती चुन्याची रेघ मारली. हुकूम काढला: रेघेच्या आत पाय टाकेल त्याला छडी. अख्ख्या शाळेत कुणी त्या झाडाच्या पानाला बोट लावायचं नाही.

पोरं रेघेबाहेर, हाताची घडी, तोंडावर बोट. मी लांबून छडीनं दाखवतो, ही अळी. पोरं बोट काढून म्हणतात, ही अळी. बोट परत तोंडावर. कृतीतून शिक्षण याहून वेगळं काय असतं? तिकडे महादेवप्पाची पोरं कुठूनशा आणलेल्या अळ्या तळहातावर फिरवून खिदळताहेत. शाळा आहे की तमाशा!

बुधवार, १५ ऑगस्ट

नागपंचमी. सुट्टी. बसून पाठाचं टाचण लिहिलं. बावीस पानं झाली. एवढ्या खोलात अळी स्वतःसुद्धा गेली नसेल.

सोमवार, २० ऑगस्ट

अळ्या गायब! झाडावर एक नाही. आठ दिवसांवर इन्स्पेक्शन आणि चोरी! कुणी केली हे सांगायला ज्योतिषी नको. महादेवप्पाला तोंडावर विचारलं. तो हसून म्हणतो, वेणीमाधवराव, पानं जरा उलटून बघा की. चोराच्या उलट्या बोंबा.

नागव्वाही तेच म्हणायला लागली. मास्तर, त्येंचं कोश झाल्यात, पानाखाली हिरवं मणी लोंबत्यात बघा. रेघेवर उभा राहून पाहिलं. लोंबत होतं काहीतरी, हिरवं, वर सोनेरी ठिपके. तिला समजावलं की पुस्तकाप्रमाणे कोश तपकिरी असतो, वर रेशमाचे धागे असतात. ही रुईची कोवळी बोंडं. तर म्हणते, आमी रोज रुईचं हार करतो मास्तर, बोंड आसं नसतंय. गुरवाच्या घरची विद्या! कोपऱ्यात उभी केली आणि सगळ्या वर्गाकडून पन्नास वेळा घोकून घेतलं, हिरवं ते बोंड, तपकिरी तो कोश. पोरांच्या आता हाडीमाशी खिळलंय.

खऱ्या अळीवाचून माझं अडत नाही. पुठ्ठ्याची अळी आणि पुठ्ठ्याचं फुलपाखरू करतो. पुठ्ठा पळून जात नाही.

शनिवार, २५ ऑगस्ट, सकाळी

श्रावणी शनिवार. हेडमास्तरकीसाठी मारुतीला एकशे आठ रुईच्या पानांचा हार बोललो होतो. सायन्स सायन्सच्या जागी, मारुती मारुतीच्या जागी.

पहाटे निघालो तर गावातली रुई लोकांनी आधीच ओरबाडून नेलेली. देवभक्त कसले, टोळधाड नुसती. भरगच्च असं एकच झाड उरलेलं, माझं. पंधरा दिवसांत कुणाची हात लावायची छाती झाली नाही. शिस्त म्हणतात ती ही. स्वतः रेघ ओलांडून मोजून एकशे आठ पानं तोडली. काहींच्या खाली ती बोंडं होती. तोडत बसलो नाही, हाराला शोभाच आली. सहज मोजली, अकरा भरली. शुभ आकडा!

हार गुरवाच्या हाती दिला. नागव्वा तिथेच, हाराकडे डोळे फाडून बघत उभी. इतका मोठा हार जन्मात पाहिला नसेल.

सोमवार, २७ ऑगस्ट

रंगीत तालीम उत्तम. पुठ्ठ्याचं फुलपाखरू दोऱ्यावर झकास उडतं. पद्मजाला सांगितलं, हेडमास्तरीणबाई म्हणवून घ्यायची सवय कर. ती म्हणाली, आधी उद्याचं पार पडू दे. कौतुक नावाची गोष्ट तिच्या माहेरी शिकवलेलीच नाही.

मंगळवार, २८ ऑगस्ट, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते राहील.

साडेअकराला डेप्युटीसाहेब आले. खुर्ची दिली तर ती सोडून पोरांत जमिनीवर बसले. तिथेच त्यांच्याबद्दलचा आदर निम्मा झाला. पुठ्ठ्याचं फुलपाखरू उडवलं. त्यांनी विचारलं, खरं काही आहे का. मी खेदानं म्हणालो, चोरीला गेलं.

नागव्वा उठली. कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवलेला हार आणला, दोन्ही हातांनी अलगद, तान्हं मूल आणावं तसा. म्हणाली, ह्यो मास्तरांनी मारुतीला घातलेला हार. बाबानं उतरवला, मी घरी खुंटीला टांगून ठिवला. साहेबांनी पान उलटून विचारलं, हे काय आहे? साठच्या साठ पोरं एका सुरात ओरडली, रुईचं बोंड! पाठांतर अगदी चोख होतं, एवढं तरी शेऱ्यात यायला हवं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बोंडं हिरवी राहिली नव्हती, काळपट केशरी दिसत होती. मी ठामपणे म्हणालो, पिकलंय, साहेब.

आणि ते बोंड नेमकं तेव्हाच तडकलं. आतून ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, पानाला लटकलं आणि हळूहळू केशरी पंख उलगडायला लागलं. पोरं सगळी शिस्त विसरून भोवती गोळा झाली. कुणी धक्काबुक्की करीना, कुणी बोलेना. साठ पोरांचा असा गप्प वर्ग मला अकरा वर्षांत छडीनं जमला नव्हता. त्याच्या अंगातून निथळलेला एक लाल थेंब माझ्या बावीस पानी टाचणावर पडला.

साहेबांनी नागव्वाला विचारलं, हा कोश आहे हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, म्हादेवप्पा मास्तरांनी पानं उलटून दावली, रेघंच्या भाईरून. मग साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, घ्या मास्तर, आता तुम्ही हातावर घेऊन मुलांना दाखवा. मी म्हणालो, घंटा झाली. घंटेला वीस मिनिटं होती.

शनिवार, १५ सप्टेंबर

ऑर्डर आली. हेडमास्तर महादेवप्पा. मारुतीनंही माणसं ओळखायचं सोडलेलं दिसतं.

खाली माझ्यासाठी शेरा: बालवर्गाच्या शिक्षकांनी महिनाभर रोज एक तास महादेवप्पा यांचा पाठ पाहावा. 'पाहावा' म्हणजे देखरेख. नवशिक्यावर कुणीतरी अनुभवी माणूस हवाच. पद्मजाला तसं समजावून सांगितलं. तिनं पानात भाजी जास्त वाढली.

गुरुवार, २० सप्टेंबर

देखरेखीचा चौथा दिवस. त्या तासाला माझा बालवर्गही इथेच आणून बसवतात. माझी जागा पोरांच्या मागे, बस्करावर. गुडघे दुखतात.

महादेवप्पानं नव्या अळ्या आणल्या. म्हणाला, प्रत्येकानं एक हातावर घ्यायची. प्रत्येकानं, असं दोनदा म्हणाला, माझ्याकडे न बघता. पाळी सरकत सरकत मागे आली. घाम फुटला. लहानपणापासून फुटतो, घरीदारी कुणाला ठाऊक नाही. नागव्वानं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, भिऊ नका मास्तर, चावत न्हाय. म्हणजे या पोरीला पहिल्यापासून ठाऊक होतं.

डोळे मिटून हात पुढे केला. तळहातावर काहीतरी गार, हलकं चालायला लागलं. ओरडलो नाही. थोड्या वेळानं डोळे उघडले. अळी अंगठ्यापर्यंत पोचली होती. नागव्वा म्हणाली, जमलं की तुमास्नी!

बरं वाटलं. अकरा वर्षांच्या नोकरीत इतकं बरं वाटलेलं आठवत नाही. पद्मजाला सांगितलेलं नाही.