अर्जात नसलेली शेड

मंगळवार, संध्याकाळ

आज महापालिकेत सुनावणी झाली. झाली म्हणजे काय, उरकली. आमच्या कॉलनीतून नवीन रस्ता काढणारेत, त्यावरची हरकत मीच लिहिली होती. सगळ्यांनी तीच झेरॉक्स करून खाली सह्या केल्या. लई भारी लिहिलंय म्हणाले. मीपण फुगलो.

शेजारच्या पद्माअक्कांची कापड विणायच्या मागाची शेड त्या रस्त्यात जातेय. लिहिताना त्या म्हणाल्या होत्या, "शेडचं लिही की रे. दोन मागांवर घर चालतंय." मी म्हणालो, "अक्का, एकेकाचं कशाला? सगळ्यांचं मिळून लिहू." शेड गाळली आणि 'शहराचा श्वास' असं काहीतरी लिहिलं. शहराचा श्वास! कुणी सांगितलं होतं?

साहेबांनी गठ्ठा चाळला. "मजकूर एकच, म्हणजे हरकत एकच. चला, पुढचे."

अक्का उठल्या. "सायेब, माजी शेड जातीय."

"अर्जात कुठंय शेड? लेखी दिलंय तेवढंच बघतो, बाई. नवीन अर्जाची मुदत संपली."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

परत येताना रिक्षात वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच पाहिजे होत्या. तर म्हणाल्या, "शेडचं तू लिहिलंच असशील रे. तुजी भाषा मोठी, सायबाला कळली नसंल."

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण नव्हता. त्यांना खरंच तसं वाटतंय.

आणि मी काय म्हणालो? "असंल, अक्का."