ओल्या ट्रॅकवर माझे हात

सर्जापूर रोड, बेंगळुरू
१६ सप्टेंबर २०२५

ती. आईंना कावेरीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे? तुम्ही पाठवलेला गोडा मसाला पोचला. डबा उघडला आणि घरभर वास सुटला, प्रणीतनं लगेच आमटी करायला घेतली. माझा डावा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे स्वयंपाक, कपडे सगळं तोच बघतो. सकाळी माझे केससुद्धा तोच विंचरतो. आधी गुंता ओढायचा, आता छान जमतं त्याला.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि प्रणीत शेजारी. माझे मेसेजही हल्ली तोच टाइप करतो. मला उजव्या हातानं येतं म्हटलं, तर म्हणतो, तू कशाला त्रास घेतेस. आज तो ऑफिसला गेलाय, पण हे फोनवर माझ्यानं सांगवणार नाही. माझं मराठी स्वल्प कानडी वळणाचं, तुम्ही नेहमी हसता त्याला. चुका पोटात घाला. आणि हे पत्र बाबांना वाचून दाखवू नका.

रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की कितीही घाबरलं तरी चालवणाऱ्याच्या हाताला हात लावू नये, थोडक्यात वाचलात. मी "हो आई" म्हटलं. प्रणीत हसला. ते "हो आई" मला मागे घ्यायचंय.

अपघाताच्या दिवशी काय झालं ते सांगते.

प्रणीतची लाल गाडी तुम्ही फोटोत पाहिलीत. तसल्या गाडीवाल्यांचा त्याचा एक ग्रुप आहे. त्यांनी एका दिवसासाठी शहराबाहेरचा रेसचा ट्रॅक घेतला होता. आदल्या रात्रीपासून पाऊस, सगळा ट्रॅक ओला. पाणी बघून बरेच जण परत फिरले. जे राहिले त्यांनी आधी ट्रॅकवरच्या शिक्षकाला शेजारी बसवून फेऱ्या मारायच्या, असा नियम होता. शिक्षकाचं नाव सुरज. स्वतः रेसमध्ये भाग घेतो, निपाणीकडचा आहे, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलत होता.

प्रणीतच्या फेऱ्यांत गाडीची शेपटी दोनदा घसरली. उतरला तेव्हा हसत होता, पण चेहरा उतरला होता. मग तोच मला म्हणाला, तूही मारून बघ, गंमत म्हणून.

मला गाडी आमच्या अण्णानं शिकवली, कॉलेजात असताना. पण अशी गाडी कधी हातात आली नव्हती. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. आत आपल्याच श्वासाचा आवाज येतो. सुरज म्हणाला, "अक्का, हात सावकाश. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. पाण्यात तिला घाई चालत नाही."

पहिली फेरी मी जीव मुठीत धरून मारली. दुसऱ्या फेरीत कळायला लागलं. पाणी जास्त असेल तिथे स्टिअरिंग हलकं होतं, आणि मागची चाकं सुटायला लागली की ते आधी पाठीला समजतं, डोळ्यांना नंतर. सरळ रस्त्याच्या शेवटी एक मोठं तळं साचलं होतं, ते मी आतल्या बाजूनं टाळलं. तिसऱ्या फेरीत सुरज बोलायचाच थांबला. आई, मला भीती वाटली नाही. लग्नानंतर इतकं मोकळं मला कशानंच वाटलं नव्हतं. हे तुम्हाला लिहू नये, पण लिहिलं.

उतरल्यावर सुरजनं सगळ्यांसमोर सांगितलं की आज पावसात सगळ्यात चांगली गाडी अक्कांनी चालवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रणीतनंही वाजवल्या. मग माझा हात धरून म्हणाला, आता माझ्या शेजारी बस, ही गाडी खरी काय आहे ते दाखवतो. चाकं घसरू नयेत म्हणून त्या गाडीत एक बटण असतं. ते बंद करू नका, असं सुरजनं त्याला बजावलं. प्रणीतनं पहिल्याच वळणावर ते बंद केलं.

मी हळू चालव म्हटलं. मग थांब म्हटलं. दुसऱ्यांदा थांब म्हटलं तेव्हा त्यानं वेग वाढवला. मला पट्ट्यांमुळे हलताही येत नव्हतं. सरळ रस्त्याच्या शेवटी तो त्या तळ्यात तसाच शिरला. गाडी तरंगली. तो स्टिअरिंग फिरवत राहिला आणि चाकं ऐकेनात. आम्ही गरकन फिरलो आणि माझी बाजू ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीवर आपटली.

त्यानंतर वायपर चालूच होते, ते आठवतं. माझं दार टायरांना टेकलेलं, उघडत नव्हतं. पट्ट्याचा खटका माझ्या हातानं दबत नव्हता. प्रणीत त्याच्या बाजूनं उतरला आणि पावसात उभा राहून गाडीचं नाक बघत होता. लोक धावत आले. मी अजून आत बांधलेलीच होते, आणि त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "तिनं स्टिअरिंग धरलं."

पट्टा शेवटी सुरजनं सोडवला.

हॉस्पिटलमध्ये प्रणीत रडला. खोटं रडणं नव्हतं ते. घरी आल्यावर मी त्याला विचारलं, मी खरंच धरलं होतं का? म्हणाला, "तुला आठवत नाहीये, कावू. हेल्मेट जोरात आपटलं होतं." इतक्या मायेनं म्हणाला की मलाही तसंच वाटायला लागलं. काही दिवस मी तसं मानलंसुद्धा. त्यानं ते मित्रांना सांगितलं, आमच्या अण्णाला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आता त्यात माझी किंकाळीही आलीय. माझी छोटी गाडी खाली धूळ खात उभी आहे. तिची किल्ली त्याच्या बॅगेत असते. बरी झालीस की बघू, म्हणतो. बाल्कनीतून मला ती गाडी दिसते.

पण आई, माझ्या उजव्या हाताची दोन नखं काळी पडलीत. डावं मनगट मोडलं, उजव्या नखांखाली रक्त साकळलं, कारण दाराची मूठ मी दोन्ही हातांनी धरली होती.

काल संध्याकाळी मी न्हाले, तो माझे केस पुसत होता. तेव्हा मी म्हटलं, "प्रणीत, माझे दोन्ही हात दारावर होते."

त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "आता आईला सांगून बसलोय मी. तिच्यासमोर मला खोटं पाडणार का?"

म्हणजे त्याला माहीत होतं. सुरुवातीपासून. मग तो पुन्हा केस पुसायला लागला, हळूहळू, टोकापर्यंत. नंतर त्यानं दूध गरम करून आणून दिलं आणि मी ते प्यायले.

हे माझ्या आईला लिहिता आलं असतं. ती रडली असती. तुम्हाला लिहिलं, कारण एकदा मेथी निवडताना तुम्ही म्हणालात की लग्नाआधी जिल्ह्याकडून बॅडमिंटन खेळायचात. का सोडलं, विचारलं तर म्हणालात, "मीच सोडलं." आणि लगेच उठून गॅस बघायला गेलात. गॅस बंद होता, आई.

शुक्रवारी प्लास्टर निघणार. मला न्यायला त्यानं रजा टाकलीय. मी दवाखान्यात फोन करून उद्याची वेळ घेतली आहे. एकटी रिक्षानं जाईन आणि तिथूनच बनशंकरीला, माझ्या माहेरी. परत येणार की नाही ते ठरलेलं नाही. खोटं कशाला सांगू, लिफ्टपर्यंत जाईन की नाही याचीही मला खात्री नाही. तो वाईट असता तर सोपं झालं असतं.

मी गेले तर तो तुम्हाला पुन्हापुन्हा फोन करेल आणि काहीतरी सांगेल. त्याला रागावू नका. माझी बाजूही घेऊ नका. या वेळी त्याचं ऐकून नुसतं "बरं" म्हणू नका.

पत्राखाली काय लिहावं कळेना. तुमची सून असं लिहिलं की त्याचीच कुणीतरी म्हणून लिहिल्यासारखं होतं. त्याला बाजूला ठेवून तुमचं-माझं जे काही उरत असेल, त्या नात्यानं,

कावेरी