एका घराचे चार थेंब

२ एप्रिल १९५७, चांदा

सापडला! मलेरियाच्या स्लाइड्स पाहता पाहता मले रक्तातला कॅन्सर सापडला — ल्युकेमिया! पांढऱ्या पेशींची नुसती जत्रा. त्याही कच्च्या — अशा पेशी रक्तात यायलेच नाई पायजे. अन् एक नाई, चार माणसं! चारही एकाच घरची: आरमोरीपलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे लहानशा वस्तीतला लालसू, त्याचा भाऊ चैतू, वहिनी सोमारी अन् आई नीलाबाई.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टरले पत्र टाकीन म्हणते. बायलॉजीत नापास केलं होतं ना मले!

३ एप्रिल

आमच्या लॅबच्या डॉक्टरसाहेबांनी तीनदा चष्मा पुसला. "चारही सारख्याच? असं पुस्तकात नाही, अन्नपूर्णाबाई." मी म्हटलं — पुस्तक बदलवा! हसले. मग एकदम गंभीर. रोग पुरता जात नाई, पण नव्या गोळ्यांनी पेशी काबूत राहतात म्हणे. दर पंधरा दिवसांनी रक्त मोजा लागते. "त्रास सुरू व्हायच्या आधी सापडला तर माणसाला दिवस मिळतात. जा, पुन्हा रक्त घेऊन पाहा."

स्लाइड्स आमच्या लॅबच्या पत्रूनं टोल्याटोल्यांत फिरून आणल्या होत्या. आज मले पाहून तो मागच्या दारानं काऊन सटकला कोण जाणे.

४ एप्रिल

पेपर लिहायचा ठरवला. माहं नाव पहिलं, डॉक्टरसाहेबांचं दुसरं. (त्यांना सांगितलं नाई अजून!)

६ एप्रिल, टोला

जीपमधून दुःखी चेहरा करून उतरली. तेवढ्यात मोहाची भरली टोपली डोक्यावर घेऊन नीलाबाई माह्या बाजूनं झपाझप निघून गेली. ही आजारी?

आंब्याखाली मायक्रोस्कोप मांडला. पोरं त्याच्या आरशातलं ऊन एकमेकांच्या तोंडावर पाडून राह्यली होती — हाकललं. नीलाबाई, चैतू, सोमारी — तिघांचं रक्त पाह्यलं. एकदम साफ! माहे कान तापले.

पत्रूले धरलं. "खरं बोल!"

"बाई, त्या दिवशी सारे मोहं वेचाले गेल्ते. घरी एकटा लालसूभाऊ. अन् मले तर चौघांच्या नावांची यादी भरा लागे ना!"

लालसू खुशीत पुढं आला. "घर एक, त रगत बी एकच. मीनंच चार बोटं देली. काऊन, पुरलं नाई का?"

सोमारी म्हणे, "सुईले भेत नाई, अन् आईले भेते!" सारा टोला हसला. मीही हसली, पोट धरून. गेला माहा पेपर! डॉक्टरसाहेब आता वर्षभर चिडवतील.

६ एप्रिल, थोड्या वेळानं

चारही थेंब लालसूचेच. म्हणजे नावं खोटी, पेशी खऱ्या.

समोर लाकडं फोडून राह्यला. दम लागत नाई, दुखणं नाई. मी जवळ जाऊन म्हटलं — भाऊ, अजून एक बोट द्या लागते.

त्यानं कुऱ्हाड ठेवली, हात धोतराले पुसले अन् दहाही बोटं माह्यापुढं धरली.

"घे ना बाई. आता कोणाच्या नावाचं पायजे?"