सुविधा शुल्काचा सूड

३ मार्च, संध्याकाळ.
हॉटेलच्या काउंटरवरूनच परत. जाहिरातीत खोली तीन हजार. मॅनेजर हसत म्हणाला, सुविधा शुल्क नऊशे वेगळं, सक्तीचं आहे साहेब. कसली सुविधा? तर टॉवेल! बॅगा उचलून बाहेर पडलो. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून काढलेली सहल. ही एवढंच म्हणाली, "खिडकीतून तळं दिसणार होतं हो." तत्त्वाला मुहूर्त नसतो.

४ मार्च.
ही बोलत नाही. समजून घेतेय मला.

९ मार्च.
पेपरात बातमी. सक्तीचे सगळे जादा आकार जाहिरातीच्या किमतीतच दाखवा, असा नियम येतोय. वीस तारखेला जाहीर सुनावणी, हॉटेलवालेही येणार. त्या मॅनेजरचं हसू भर सभेत उतरवणार. भाषण लिहायला घेतलं. यात सूडबुद्धी तर नाही ना? दोनदा मन तपासलं. नाही. लोकहित. (थोडी आहे.)

१४ मार्च.
आपल्या लाँड्रीत भाषण म्हणून दाखवलं. इस्त्रीवाले काका म्हणाले, "शेठ, मग आपण वेगळा लावतो तो हँगर आकार?" वेगळी गोष्ट. हँगरशिवाय आपण कोट देतच नाही, म्हणजे तो सक्तीचा नाही, अपरिहार्य आहे. शिवाय पावतीमागे छापलाय. भिंग घेऊन खात्री केली.

२० मार्च.
जोरदार बोललो. टाळ्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, आपला व्यवसाय? लाँड्री म्हणालो. मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "हँगरचं सांगा की!" सभा हसली. मॅनेजर तेवढा हसला नाही. पाणी आणून दिलं. म्हणाला, "साहेब, आपण एकाच माळेचे मणी." पेला तिथल्या तिथे परत केला. अर्धा पिऊन.

२ मे.
नियम झाला! आमचा दरफलक बदलावा लागला, पण शत्रूचाही बदलला. खोली तीन हजार नऊशे, सगळं धरून. आता बसेल माश्या मारत.

६ मे.
ही बोलली! म्हणाली, "बरं झालं बाई, आता काउंटरवर भांडायला काही उरलं नाही." त्याच हॉटेलात खोली घेतलीय. स्वतःसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी. मी? "तुम्ही घरी तत्त्व सांभाळा."

१० मे, दुपार.
दोघी सकाळीच गेल्या. नियम पाळला जातोय का, कुणीतरी जाऊन पाहायलाच हवं. हॉटेलला फोन लावला. मॅनेजरने आवाज ओळखला. तळ्याकडच्या खोल्या संपल्या म्हणे. पार्किंगकडची आहे, दर तोच. घेतो म्हणालो. "वहिनींना सांगू?" नको म्हणालो, आधी विचारा, येऊ का. समोरच बसल्यात म्हणाला, विचारतो.
अजून होल्डवर आहे.