तुझ्या आईच्या प्रार्थनेचा अर्थ

प्रिय ठमे,

काल फोनवर तू जे मागितलंस त्याला मी नुसतं 'बघू' म्हणालो आणि फोन ठेवला. तुला राग आला असणार. पण आपला फोन जेवणाच्या टेबलापाशी, आणि टेबलापाशी तुझी आई वाटाणे सोलत बसलेली. तिच्यासमोर तिच्याविषयी बोलायचं म्हणजे पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत कॉपी करण्यासारखं. म्हणून हे पत्र. डॉक्टरीणबाईंनी तुला अर्धी हकिकत कळवलीच आहे. त्यांची अर्धी म्हणजे इतरांची दीड असते, तरी मी आपला क्रमाने सांगतो.

आजीला माती देऊन आलो, त्यानंतरच्या रविवारी हे सुरू झालं. चर्चच्या उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते, ज्याला जे सुचेल ते त्याने मोठ्याने म्हणावं, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई तिथे जन्मात कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती उभी राहिली आणि आमच्यापैकी कोणालाच येत नाही अशा भाषेत बोलू लागली. ओरडणं नाही, रडणं नाही. तापलेल्या मुलाची समजूत काढावी तसा हलका आवाज. मी शेजारी बसून व्याकरण शोधत होतो. खोड, दुसरं काय. ना धातू हाती लागला, ना विभक्ती. वाक्य कुठे संपलं हे मात्र दर वेळी कळत होतं. मग ती खाली बसली, माझ्याकडे रुमाल मागितला, आणि घरी आल्यावर रोजच्यासारखी दारातल्या चपलांवरून मला बोलली.

तेव्हापासून दर रविवारी तेच, आणि तेव्हापासून मंडळीत दोन तट. बेकरीवाला म्हणतो, आत्मा येतो तो असाच येतो, ज्यांच्या तोंडून अशी भाषा निघत नाही त्यांनी स्वतःला तपासून घ्यावं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना त्याने भर दारात सुनावलं की, बाई, तुमची नुसती बोटं हलतात. बाई तुझ्या जन्माआधीपासून वाजवताहेत. त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली पाळकांच्या हातावर ठेवली. हल्ली आम्ही ऑर्गनशिवाय गातो. 'गातो' हे क्रियापद तू सैल अर्थाने घे.

दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब. त्यांना हसू नकोस. आपल्या प्रार्थनामंदिराची जागा बिल्डरच्या घशात गेली होती, ती त्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून परत आणली. व्यवस्था राखणं हेही कृपादानच आहे, आणि ते त्यांना जरा जास्तच मिळालं आहे. त्यांचं म्हणणं, बायबलात प्रेषिताने स्पष्ट लिहून ठेवलंय, अन्य भाषेत बोलायचं तर अर्थ सांगणारा हवा, तो नसेल तर मंडळीत गप्प राहावं. आणि ते खरंच तसं आहे. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तरी बदलेल म्हणून.

तर मधल्यामध्ये तुझी आई. बेकरीवाल्याने तिचा झेंडा केला आणि वकीलसाहेबांनी खटला.

गेल्या रविवारी उपासनेनंतर पाळकांच्या खोलीत पंच बसले. पंचांमुखी परमेश्वर म्हणतात, आमच्या पंचांच्या मुखी त्या दिवशी बिस्किटं होती. वकीलसाहेबांनी ठराव मांडला की अर्थ सांगणारा नेमावा आणि प्रश्न मिटवावा. एकेक मान माझ्याकडे वळली. डॉक्टर म्हणाले, सर, संस्कृत तरी आज कोण बोलतं, पण तुम्हाला कळतंच ना. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्हाला माणसांचं कळतं म्हणून उद्या गाभण म्हैस तपासायला देऊ का. कोणी हसलं नाही. बेकरीवाला म्हणाला, अहो नवरा आहेत ते, आणखी काय पाहिजे. त्यावर वकीलसाहेब, ज्यांना मी कधी विनोद करताना पाहिलं नाही, ते म्हणाले, कोणत्या नवऱ्याला बायकोचं कळलंय. सगळे हसले, आणि त्या हशात ठराव पास झाला. या रविवारी तुझी आई प्रार्थना करणार आणि मी उभं राहून तिचा अर्थ सांगणार. सांगता आला नाही, तर यापुढे तिने मंडळीत तोंड उघडायचं नाही. पाळक बिचारे तरुण आहेत, त्यांनी 'आमेन' म्हणून बैठक संपवली.

तेव्हापासून घरात दोन माणसं पाहुण्यासारखी वागताहेत. ती खोलीचं दार लोटून प्रार्थना करते आणि मी बाहेर वर्तमानपत्र धरून कान देतो. तेच पान किती वेळ वाचतोय, हे तिलाही कळत असणार. ठमे, तुला एक सांगतो, माझ्याकडे अर्थ तयार आहे. ओढून ताणून अर्थ लावण्यातच माझं आयुष्य गेलं, चार वाक्यं रचायला कितीसा वेळ. 'लेकरांनो, एकमेकांचं दान तुच्छ मानू नका', हे पहिलं. दुसरं त्याहून बरं साधलंय. ऐकून ऑर्गनवाल्या बाई रडतील, बेकरीवाला ओशाळेल, आणि वकीलसाहेबांनाही नियमात बसलं म्हणून समाधान. सगळ्यांचं भलं, आणि मजकूरही प्रेषिताच्या शिकवणीला धरून. नुसता तो तुझ्या आईचा नसेल, इतकंच.

काल तुझा फोन येऊन गेला आणि ती कपड्यांना इस्त्री करायला बसली. माझ्याकडे न बघता विचारलं, काय सांगणार आहात. म्हटलं, कळेल ते. कळतं का, म्हणाली. नाही म्हटलं. तिने माझ्या शर्टाची कॉलर पालथी घातली, दाबली, पुन्हा सुलटी केली. मग तेवढंच सांगा, म्हणाली. मी म्हटलं, अगं, मग तुला गप्प बसवतील. बसवू देत, म्हणाली, पण देवाच्या तोंडी तुमची वाक्यं घालू नका, तुमची मला पाठ आहेत. आणि शर्ट हँगरला लावून गेली. रात्री ती जेवली नाही. आज सकाळी खोलीचं दार उघडंच होतं, आणि आतून काहीच ऐकू आलं नाही.

'बाबा, खोटं का असेना, काहीतरी सांगा आणि आईला सोडवा', असं तू काल म्हणालीस. त्या 'बघू'चं उत्तर हे, ठमे. मी नाही सांगणार. रविवारी उभा राहीन आणि म्हणेन, मला कळत नाही. मग वकीलसाहेबांना विचारीन की इतकी वर्षं ऑर्गनचा अर्थ कोण सांगत होतं, आणि बेकरीवाल्याला विचारीन की त्याला माझ्या बायकोचं नेमकं काय कळलं, म्हणून बाईंची बोटं नुसती ठरली. कदाचित ऐकतील. बहुधा नाही ऐकणार, आणि तुझी आई त्या दिवसापासून तिथे मुकी होईल, तीही माझ्या तोंडून. तू मंडळीत येणं सोडलंस तेव्हा म्हणाली होतीस, मला ना गाता येतं ना बोलता, माझ्याकडे तिथे देण्यासारखं काही नाही. त्याचं उत्तर द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. आजी अखेरच्या दिवसांत आमच्या प्रार्थना सुरू झाल्या की डोळे मिटून घ्यायची, आणि तू नुसती येऊन उशाशी बसलीस की उघडायची. हे मी पाहिलंय, तुझ्या आईनेही पाहिलंय. परवा मी पुढे उभा असेन आणि ती बाकावर एकटी असेल. उद्याच्या गाडीने ये. कोणाशी भांडायचं नाही, कोणाला उत्तरं द्यायची नाहीत, नुसतं तिच्याजवळ बसायचं. ते आमच्यात दुसऱ्या कोणाला येत नाही. पत्र डॉक्टरांच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, संध्याकाळपर्यंत तुझ्या हाती पडेल.

गाडीला घ्यायला येणारा, तुझाच
बाबा